पौषातली पुनव: कोजागिरीचं कौतुक पुरे, हिच्याबद्दल बोला

पाणीपाळी | ५ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

कोजागिरीला दूध आटवतात, गच्चीवर चटया पडतात, व्हॉट्सॅपवर चंद्राचे फोटो येतात. पौषातल्या पौर्णिमेला कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. गारठा असतो, महिना भाकड म्हणून बदनाम, लग्नकार्य नाही, शहरात सगळे आठलाच खिडक्या लावून बसतात. माझं मत विचाराल तर वर्षातला कामाचा चंद्र हाच.

मी कोरेगाव तालुक्यात शेती करतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असं आमच्याकडं चालतं. यंदा पौर्णिमा शनिवारी ३ तारखेला होती आणि नेमकी रात्रपाळीत आली. गहू कांडी धरायला लागलाय, त्याला पाणी चुकवून चालत नाही. त्यामुळं रात्री अकरापासून दारं धरायला, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी सोडायला, मी आणि चुलतभाऊ.

एरवी रात्री पाणी धरायचं म्हणजे बॅटरी कपाळाला बांधायची आणि तिच्या गोलात जेवढं दिसेल तेवढंच आपलं रान. शनिवारी बॅटरी बंद करून खिशात टाकली. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी पोचलं की ते उभ्या जागेवरून दिसत होतं. गव्हाच्या काड्यांतून आधी एक चकाकती रेघ पुढं सरकते, मग ती रुंद होते, आणि बांधाला टेकली की थांबते. तेवढ्यात खोऱ्यानं इकडचं दार मोडायचं, तिकडचं बांधायचं. बॅटरीच्या उजेडात हे कधीच कळत नाही, तिथं चालतच जावं लागतं. म्हणजे चंद्रानं आमच्या निम्म्या फेऱ्या वाचवल्या.

दुसरी गोष्ट. साडेबारा-एकच्या सुमाराला माझी सावली पायातच गोळा झालेली होती, आणि होती तेवढी चक्क दक्षिणेकडं पडत होती. भाऊ म्हणाला, तुझं काहीतरीच. मग खोरं उभं रोवून बघितलं. खरंच दक्षिणेकडं. जाणकारांनी सांगावं हे कसं काय.

आणि तुमच्या गावाकडं ह्या पुनवेला काय असतं तेही लिहा. जत्रा, नैवेद्य, बाजार, काहीही. फक्त 'वुल्फ मून'चे (जानेवारीच्या पौर्णिमेचं इंग्रजी नाव) फॉरवर्ड इथं नकोत. आमच्याकडं लांडगे चंद्राकडं नाही, शेळ्यांकडं बघतात.

---

कोथरूडची_गच्ची | ५ जाने., १०:०२

छान लिहिलंय. पण कोजागिरीवर अन्याय नको. पावसानं हवा धुतलेली असते, चांदणं स्वच्छ पडतं. जानेवारीत पुण्यात शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर खालीच साचून राहतो. शनिवारी आमच्याकडून चंद्र पिवळट दिसत होता.

---

निशाचर | ५ जाने., १०:४८

पाणीपाळी, तुम्ही खोरं रोवून बघितलंत हे फार आवडलं. तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकलेला, म्हणून त्याच्या समोरचा चंद्र उत्तरेला. साताऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच चढतो. त्या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र मात्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सगळं उलट होतं. वटपौर्णिमेचा किंवा गुरुपौर्णिमेचा चंद्र बघा, रात्रभर दक्षिणेकडे खाली रेंगाळतो आणि लवकर मावळतो. पौषातला तेरा तासांच्या आसपास आकाशात असतो.

आता दक्षिणेकडच्या सावलीचं. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांच्या चक्रात फिरतो. २०२४-२५ च्या सुमारास ते चक्र अशा टोकाला होतं की हिवाळी पौर्णिमेचा चंद्र नेहमीपेक्षाही उत्तरेला जात होता. अजून त्याचा परिणाम आहे. परवा तो तुमच्या डोक्यावरून आठ-नऊ अंश उत्तरेला सरकून गेला, म्हणून सावली दक्षिणेला. दहा वर्षांनी हाच प्रयोग केलात तर पौषात अशी सावली मिळणार नाही.

मागच्या वर्षीचीही पौष पौर्णिमा मजेदार होती. १३ जानेवारी २०२५ च्या रात्री चंद्राच्या अगदी जवळ तांबडा मंगळ होता. परवाच्या रात्री शेजारी गुरू होता, तो ठळक पांढरा तारा पाहिला असेलच.

आणखी एक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, यंदा नेमकी ३ तारखेलाच. त्या वेळी पृथ्वीला आणि चंद्राला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त सूर्यप्रकाश मिळतो. त्यात चंद्र स्वतः पृथ्वीच्या जवळ होता. तुमची बॅटरी खिशात गेली त्यात ह्या सगळ्याचा थोडाथोडा हात आहे.

गच्चीताई, तुमचंही खरं आहे. कोजागिरीचा चंद्रही आपल्याकडे बराच वर चढतो, आणि हवा तेव्हा जास्त स्वच्छ. शहरात कोजागिरी जिंकते, रानात पौष.

---

गुळभेंडी | ५ जाने., ११:१५

पौष पुनव म्हणजे हुरडा. आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, लसणाची चटणी. बाकी सगळं गौण आहे. सोलापूरकर सहमत होतील.

---

सईची_आई | ६ जाने., सकाळी ७:३०

आमच्याकडे ही शाकंभरी पौर्णिमा. आमची कुलदेवी बदामीची बनशंकरी. मूळ घराणं तिकडचं, आता चार पिढ्या सांगलीत.

कथा दुर्गा सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात आहे. शंभर वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा देवीनं स्वतःच्या अंगातून भाज्या उगवल्या आणि पाऊस येईपर्यंत जगाला पोसलं. म्हणून नैवेद्याला पंचपक्वान्नं नाहीत, भाज्या. बनशंकरीला १०८ भाज्यांचा नैवेद्य म्हणतात. आमच्या सासूबाई साठवर समाधान मानायच्या. मी आता चाळिशीच्या आसपास येते.

आकडा गाठायचा कसा हे सांगते, कारण दर वर्षी हेच नाटक चालतं. मंडईत ह्या दिवसांत काय नसतं? पावटा, सोलाणे, वालपापडी, घेवडा, मटार, गाजर, मुळा, सुरण, कोनफळ, रताळी. पाल्यांत मेथी, चाकवत, चंदनबटवा, आंबट चुका, पोकळा, करडई, हरभऱ्याचा पाला. तीस-बत्तीसपर्यंत सहज जातो. पुढे खरी ओढाताण. मग मुळा वेगळा आणि मुळ्याचा पाला वेगळा, भोपळा वेगळा आणि त्याची पानं वेगळी. आलं, कढीपत्ता, कोथिंबीर ह्यांना बढती मिळते. मिरची हिरवी एक, लाल एक. सासूबाई लिंबूही मोजायच्या, सासरे म्हणायचे ते फळ आहे, आणि नैवेद्याच्या आधी तिथेच अर्धा तास वाद.

सगळ्या भाज्यांची वेगवेगळी फोडणी करत नाही हो कुणी. चार-पाच नीट करायच्या, उरलेल्यांची एकत्र मिसळीची भाजी. चव भोगीच्या भाजीच्या जवळ जाते, तीळ नसतात एवढंच.

चंद्राचं म्हणाल तर देवीला दाखवलेलं ताट मी संध्याकाळी अंगणात आणते, चंद्र वर आला की मगच पानं वाढते. हे शास्त्रात आहे का माहीत नाही, आमच्या घरात आहे.

---

भवानीपेठ | ६ जाने., ९:१०

तुळजापुरात पौषातलं हे नवरात्र फार मोठं. बाहेरच्यांना अश्विनातलंच ठाऊक असतं. पौष शुद्ध अष्टमीला घटस्थापना, पौर्णिमेला घट उठतात. त्याच्या आधी आठवडाभर देवी मंचकावर निद्रेला. वर्षातून तीन वेळा तिची निद्रा असते, त्यातली ही एक. मधल्या दिवसांत रथ अलंकार, मुरली, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी अशा पूजा मांडतात.

मला सगळ्यात आवडते ती जलयात्रा. पापनाश तीर्थावरून बाया डोक्यावर कलश घेऊन वाजतगाजत देवळात येतात. आई दर वर्षी जाते. थंडीत अनवाणी, ओल्या काठाचं लुगडं, आणि कलशातलं पाणी सांडू नये म्हणून बोलणं बंद. घरी आल्यावर मात्र दोन दिवस तेच बोलणं.

कोजागिरीशी नातं लावायचं तर हे घ्या: दसऱ्यानंतर देवी झोपते ती अश्विनी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे कोजागिरी जागी होण्याची पुनव, शाकंभरी घट उठण्याची. दोन्ही तिच्याच.

---

शास्त्राधार | ६ जाने., ९:४५

सगळं ठीक आहे पण पौष हा भाकड मास आहे. धनुर्मासात मंगलकार्य वर्ज्य. उगाच त्याचं उदात्तीकरण नको. मुंज, लग्न, वास्तू, काहीही करू नये असं आपले पूर्वज काही विचार करूनच सांगून गेलेत.

---

येळकोट | ६ जाने., १०:२०

शास्त्राधार, मग देवाचं लग्न पौषात कसं?

कराड तालुक्यात पाल, तारळी नदीच्या काठी. खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न पौषातच लागतं, मृग नक्षत्रावर, गोरज मुहूर्ताला. सगळं गाव भंडाऱ्यानं पिवळं होतं, नदीचं पाणीसुद्धा. आमच्यात देवाचं लग्न झाल्याशिवाय घरातल्या लग्नांचं बोलणं काढत नाहीत. माणसांचा भाकड महिना, देवाचा नाही.

---

निशाचर | ६ जाने., १०:५५

@येळकोट, ह्यात एक छान गणित दडलंय. पौष महिन्याला नाव मिळालं ते पुष्य नक्षत्रावरून, कारण ह्या पौर्णिमेला चंद्र पुष्याच्या आसपास असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा क्रम. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र पुढे जातो. म्हणजे मृगावरचं लग्न पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी येणार, द्वादशी-त्रयोदशीच्या सुमारास. गोरज मुहूर्ताला पूर्वेला बऱ्यापैकी भरलेला चंद्र आधीच वर आलेला असतो. वऱ्हाडाला परतीच्या वाटेवर उजेडाची सोय झाली, वर तीन दिवसांनी पुनवेची जत्रा. पंचांग ठरवणारे लोक व्यवहारी होते.

---

येळकोट | ६ जाने., ११:०५

बैलगाड्यांच्या काळात हेच तर सगळं होतं. घरी जायला उजेड पाहिजे. जत्रा अमावस्येच्याही असतात, पण लांबून येणाऱ्याला पुनव सोयीची.

---

कुंभारवाडा | ६ जाने., दुपारी १:१५

जेजुरीचा गाढवांचा बाजार कुणीच कसा काढला नाही अजून?

पौष पौर्णिमेला बंगाली पटांगणात भरतो. आमची कुंभाराची जात, गाढवाशिवाय माती कोण आणणार? वैदू, कैकाडी, बेलदार, वडार, गारुडी, सगळे येतात. पालं पडतात, पूर्वी त्याच मुक्कामात जातपंचायती भरायच्या, सोयरिकी जमायच्या. शास्त्राधार साहेब, भटक्या लोकांना पौष भाकड नव्हता. वर्षभर पांगलेली माणसं भेटायचा हाच महिना.

बाजारात दोन माल. गावरान आणि काठेवाडी. काठेवाडी अंगानं उंच, ताकदीचं, किंमत दुप्पट-तिप्पट. वय दातावरून. दोन दाती तो दुवान, चार दाती चौवान, मग अखंड जवान. घेणारा डाव्या हातानं खालचा ओठ दाबतो, गाढव मान झटकतं, तेवढ्यात दात मोजून झालेले असतात. माझे वडील दात बघितल्यावर गाढवाला दहा पावलं चालवायचे आणि मागून बघायचे. मागचे खूर सरळ रेषेत पडतात का. पुढून सगळीच गाढवं बरी दिसतात म्हणायचे.

सौदा टॉवेलाखाली बोटांनी व्हायचा. आता मोबाईलवर पैसे जातात, पण बोटांचा सौदा काही म्हातारे अजून करतात. बाजार आटत चाललाय. वीटभट्टीवर ट्रॅक्टर, बांधकामावर लिफ्ट. डोंगरावरच्या बांधकामांना, जिथं गाडी जात नाही, तिथं मात्र अजून गाढवच लागतं. गडकिल्ल्यांच्या डागडुजीला दगड-चुना कोण वर नेतं, कधी बघा.

---

गुळभेंडी | ६ जाने., १:४०

दुवान-चौवान बैलांनाही चालतं का? आमच्याकडं दोन दाती, चार दाती, जुळला असं म्हणतात.

---

कुंभारवाडा | ६ जाने., १:५२

बैलाचं तुमचं बरोबर. आमची भाषा बाजारापुरती आहे.

---

वाईची_पोर | ६ जाने., संध्याकाळी ६:३०

धागा छान चाललाय, जरा वेगळं लिहिते.

पौष पौर्णिमा म्हटलं की आमच्या भागात मांढरदेव. काळूबाईची मोठी यात्रा ह्याच दिवशी. २५ जानेवारी २००५ ला पौर्णिमा मंगळवारी आली होती. देवीचा वार आणि पौर्णिमा एकत्र, त्यामुळं गर्दी अफाट. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. लोक घसरले, वरचे खाली कोसळले, चेंगराचेंगरी, त्यातच दुकानांना आगी लागल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. पुढं न्यायमूर्ती राजन कोचर आयोग नेमला गेला. नंतर देवळाच्या परिसरात पशुबळीला बंदी आली, वाटा आणि रांगा बदलल्या.

मी तेव्हा शाळेत होते. रात्रभर वाईतून गाड्या जात होत्या. घरातल्या सगळ्या बाया ओट्यावर उभ्या, कारण गल्लीतले कितीतरी जण वर गेलेले होते. लाईट नव्हती, पण कोण येतंय ते लांबूनच ओळखू येत होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी दिसायचं आणि आई नाव घेऊन हाक मारायची. आमच्या घरातले सगळे परत आले. समोरच्या घरातले नाही.

आम्ही अजून यात्रेला जातो. आई पायऱ्यांच्या कडेनं चालते, मधून नाही.

---

निशाचर | ६ जाने., ७:१०

वाचून थांबलो थोडा वेळ.

तारखेबद्दल एकच नोंद करतो. २०२४ मध्येही पौष पौर्णिमा २५ जानेवारीलाच होती. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ अचूक बसतात, म्हणून १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. वार मात्र गुरुवार होता.

---

वाईची_पोर | ६ जाने., ७:२५

हो. त्या वर्षी गावात बऱ्याच जणांना ते कळलं होतं. गणित आज समजलं.

---

बडोदेकर | ६ जाने., रात्री ८:४०

गुजरातेत ही पोषी पूनम. आम्ही बडोद्याचे मराठी, गायकवाडी काळापासूनचे, पण हा सण शेजाऱ्यांकडून घरात आला. अंबाजीचा प्राकट्यदिन मानतात, देवळांत मोठी गर्दी. घरांत मात्र तो भावाबहिणीचा दिवस. लहान मुली भावासाठी उपास करतात. संध्याकाळी गच्चीवर चूल मांडून स्वयंपाक, छोटी बाजरीची भाकरी थापायची, तिच्या मधोमध भोक पाडायचं आणि त्यातून चंद्राकडे, मग भावाकडे बघायचं. आणि भावाला विचारायचं: तुझी बहीण जेवू की खेळू? तो 'जेव' म्हणाला की उपास सुटतो.

माझा भाऊ दर वर्षी 'खेळ' म्हणायचा. एकदा आईनं त्यालाच जेवायला वाढलं नाही, तेव्हापासून सुधारला.

---

गुळभेंडी | ६ जाने., ८:५५

भाऊबीज, रक्षाबंधन, आता हेही. भावांचा खिसा किती रिकामा करणार?

---

बडोदेकर | ६ जाने., ९:०१

ह्यात खिसा नाही, फक्त एक शब्द लागतो. तोही सुटत नाही म्हणून तर वैताग.

---

कोयत्याची_लेक | ६ जाने., १०:३०

पाणीपाळी दादा, तुमच्या रानाशेजारी ऊस असेल तर आमची माणसंही त्याच उजेडात असतील.

आईबाप दोघं ऊसतोडीला. बीडहून दिवाळीनंतर निघायचं, कारखाना बंद होईपर्यंत कोपीत. मी सातवीपर्यंत त्यांच्याबरोबर. आता नोकरी करते. पुनवेच्या आठवड्यात मुकादम तीनलाच उठवायचा, कारण 'उजेड आहे, तोडा'. अंधाऱ्या पंधरवड्यात पाचपर्यंत झोप मिळायची. म्हणून चांदण्याचं कौतुक मला जरा उशिराच समजलं.

पाचटावर दहिवर पडलेलं असतं. पहिल्या तासाभरात हाताला फडकी बांधली तरी ओली होतात, आणि ओल्या पाचटाची धार बोटांना चिरते. आई तोडायची, बाप साळायचा, मी मोळी बांधायला वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, द्यायची. गाडी भरली की बाप बैलं जुंपून कारखान्याकडं. रस्त्यानं एकामागं एक गाड्या, गाडीखाली कंदील टांगलेला पण पुनवेला तो लावायचे नाहीत, रॉकेल वाचवायचे. बाप गाडीवर झोपून जायचा, बैलांना वाट पाठ.

चांगलं काय होतं ते सांगू? पुनवेला गाडी लवकर भरायची, म्हणून सकाळी दहाला आई मोकळी असायची. डोकं धुऊन द्यायची माझं.

---

पाणीपाळी | ६ जाने., ११:१०

ताई, शेजारी ऊस आहे आणि टोळीही आहे. शनिवारी साडेतीनला त्यांचा आवाज आला तेव्हा आम्ही मोटार बंद करून घरी निघालो होतो. तुमचं वाचल्यावर आज वेगळं वाटलं.

---

खाजणकाठ | ७ जाने., सकाळी ६:५०

किनाऱ्यावर उलटं आहे. मालवणात पुनवेच्या आसपास जाळ्याला मासळी कमी, उजेडात जाळं दिसतं माशाला. आमचे आजे म्हणायचे, चंद्र बघायचा तर घरी बस, मासा पाहिजे तर काळोखी येऊ दे. परवा उधाणही मोठं होतं, चंद्र जवळ असला की भरती चढते. होड्या वर ओढून बांधल्या आणि जाळी शिवत बसलो.

---

त्रोम्सोतून | ७ जाने., दुपारी ३:२०

नॉर्वेच्या उत्तरेला त्रोम्सो इथून लिहितोय. मूळचा नाशिकचा. निशाचर यांनी सांगितलेल्या गोष्टीचं इथं टोक बघायला मिळतं.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश, बाकी रात्र. पण ह्याच दिवसांतला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र मावळत नाही! सूर्य जितका खाली तितका तो वर. तीन-चार दिवस तो नुसता गोल फिरत राहतो, उत्तरेकडे आला की डोंगरांच्या वर टेकतो आणि परत चढतो. खाली बर्फ, त्यामुळे उजेड दुप्पट. शनिवारी संध्याकाळी लोक स्कीवर दिवे न लावता फिरत होते. उन्हाळ्यात ह्याच्या बरोबर उलट, मध्यरात्रीचा सूर्य असतो आणि पौर्णिमेचा चंद्र उगवतच नाही.

आता सगळे २१ जानेवारीची वाट बघताहेत. डोंगरांमागून सूर्य पुन्हा दिसतो त्या दिवशी शाळा-कचेऱ्यांत 'सूर्याचे' गोड पाव वाटतात. बायको म्हणते, आपल्या संक्रांतीचे तिळगूळही त्याच आठवड्यात संपवून टाकू.

---

शास्त्राधार | ७ जाने., ४:००

मुळात थंडीच्या मध्यावरची पौर्णिमा म्हणायची तर मार्गशीर्ष का नाही? दत्तजयंती. सर्वांत मोठी रात्र २१-२२ डिसेंबरची, तिच्या जवळची पौर्णिमा तीच.

---

निशाचर | ७ जाने., ४:४५

वर्षावर अवलंबून आहे. यंदा मधे अधिक ज्येष्ठ येतोय, त्यामुळे सगळं पुढे सरकेल आणि मार्गशीर्ष पौर्णिमा २३-२४ डिसेंबरला येईल, मोठ्या रात्रीला जवळजवळ चिकटून. त्या रात्रीचा चंद्र २०२६ मधला सर्वांत जवळचाही असेल. पुढची पौष पौर्णिमा मग २२ जानेवारी २०२७, शुक्रवार. त्यामुळे ह्या डिसेंबरात तुमचा मुद्दा मान्य.

---

शास्त्राधार | ७ जाने., ४:५०

नोंद घ्यावी, ह्या संस्थळावर माझा मुद्दा पहिल्यांदा मान्य झाला.

---

कोथरूडची_गच्ची | ७ जाने., रात्री ९:१५

सईची_आई, लिंबाचं शेवटी काय ठरलं?

---

सईची_आई | ७ जाने., ९:३०

सासरे गेल्यापासून सासूबाई स्वतःच लिंबू मोजत नाहीत. मी मोजते.

---

पाणीपाळी | ७ जाने., ९:५०

सगळ्यांचे आभार. पुढच्या पौषात, २२ जानेवारीला, रात्रपाळी नसली तर जेजुरीचा बाजार बघायचा विचार आहे. कुंभारवाडा, पौर्णिमेच्याच दिवशी आलेलं बरं की आधी?

---

कुंभारवाडा | ७ जाने., १०:०५

दोन दिवस आधी या. पुनवेच्या सकाळपर्यंत चांगला माल उचललेला असतो, मागं राहतात ती लंगडी आणि लाथाळ. चहा माझ्याकडून. मात्र घ्यायचं नसेल तर कुणाच्या गाढवाचे दात बघायला मागू नका, मालक सोडत नाही.